रक्तच गरम आहे, तर माझ्या हातात काय?

पत्र तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं आहे. तिने मानसशास्त्र घेतलंय. वडील दारूला शिवत नाहीत, पण राग आला की ताट भिरकावतात, आईवर हात उचलतात. आजोबाही तसेच होते. आत्या मात्र शांत. ‘आपल्या घराण्याचं रक्तच गरम’ हे ही मुलगी आत्याच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आली. यंदा ‘वर्तनाचा जैविक आधार’ हे प्रकरण शिकताना तिला वाटलं, आत्या म्हणते तेच पुस्तकात छापलंय. तिने आईला सांगितलं, ‘बाबांचा दोष नाही, त्यांचा मेंदूच तसा आहे.’ आई काही बोलली नाही. मग परीक्षेच्या आदल्या रात्री धाकट्या भावाने तिच्या वहीवर चहा सांडला आणि तिने कंपासपेटी त्याच्या कपाळावर फेकली. दोन टाके पडले. तेव्हापासून आपणही बाबाच होणार, असं तिने धरून ठेवलंय. पदवीनंतर घरचे स्थळं बघणार आहेत, तिने मनाशी नकार ठरवलाय. ती विचारते: मेंदूचा एमआरआय काढू का? मोबाइलवर जाहिरात येते ती डीएनए चाचणी करू का? लग्न करावं का? आणि ज्या विषयाने आशाच संपवली, तो पुढे शिकावा का?

प्रिय मैत्रिणी,

भावाचे टाके निघाले, जखम भरली असं तू लिहिलंयस, ते वाचून बरं वाटलं. त्याच्याशी काय बोलायचं ते पुढे सांगते. आधी पुस्तकातल्या त्या प्रकरणाकडे वळू. त्यातून तू दोन निष्कर्ष काढलेस. त्यातला एक तुझ्या आईला घातक आहे आणि दुसरा तुला.

तुझ्या पत्रातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. बाबांचा आवाज टिपेला गेला होता, हात उगारलेला होता, तेवढ्यात दारात पतसंस्थेचे मॅनेजर आले. बाबांनी तिथल्या तिथे आवाज उतरवला, शर्ट सारखा केला आणि तुला म्हणाले, ‘साहेबांना पाणी आण.’ मॅनेजर गेल्यावर पुन्हा सुरू. हा प्रसंग तू बाबांच्या दुटप्पीपणाची खूण म्हणून लिहिलास. मला त्यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसतं.

राग उसळताना बाबांच्या मेंदूत काय होत असेल, ते तू शिकली आहेस. अमिग्डला हा मेंदूच्या आतला भाग धोक्याची वर्दी देतो, हायपोथॅलॅमस या दुसऱ्या भागामार्फत स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा, जागी होते, अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, हाताच्या मुठी वळतात. हे सगळं खरं. पण मॅनेजर दिसताच आवाज खाली आला, तेही मेंदूनेच केलं. कपाळामागच्या भागाने परिस्थिती जोखली, परिणाम मोजला आणि उगारलेला हात खाली आणला. म्हणजे आवर घालणारी यंत्रणा बाबांच्या डोक्यात शाबूत आहे, आणि ती किती चटकन चालते ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. ती मॅनेजरांसमोर चालते आणि आईसमोर चालत नाही. हा फरक मज्जातंतूंच्या आकृतीत सापडायचा नाही. आईसमोर आवर घातला नाही तरी काही बिघडत नाही, हे बाबांना त्यांच्या घराने शिकवलंय.

हे प्रकरण मी वर्गात शिकवते, त्यामुळे तुझा गैरसमज माझ्या ओळखीचा आहे. रागाला जैविक आधार आहे, आणि राग गिळण्यालाही आहे. तू रात्री जागून केलेल्या पाठांतराला आहे, आईच्या गप्प राहण्याला आहे, भावाच्या रडण्याला आहे. माणूस जे जे करतो ते मेंदूतूनच होतं. त्यामुळे एखाद्या वागण्यामागे मेंदू आहे एवढ्यावरून ते टाळता येत नव्हतं किंवा करणारा निर्दोष आहे, असं सिद्ध होत नाही. तसं असतं तर जगात कुणालाच कशाबद्दल जबाबदार धरता आलं नसतं, आणि कुणाचं कौतुकही करता आलं नसतं.

तू फिनियस गेजचा दाखला दिलायस, की मेंदूला इजा झाली आणि माणूस पार बदलला. पाठ्यपुस्तकं त्याची अर्धीच गोष्ट सांगतात, म्हणून उरलेली अर्धी मी सांगते. १३ सप्टेंबर १८४८ ला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलोची लोखंडी पहार गेजच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. वय २५. तो वाचला. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लोने नोंदवलं की तो शिवराळ, लहरी, हट्टी झाला आणि ओळखीचे लोक म्हणू लागले, हा आमचा गेज नव्हे. प्रकरण इथे संपतं आणि विद्यार्थी लिहितात, ‘यावरून सिद्ध होते की…’

पण गेज त्यानंतर साडेअकरा वर्षं जगला. काही काळ त्याने घोड्यांच्या तबेल्यात काम केलं. मग तो दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली. परका मुलूख, परकी भाषा, सहा-सहा घोड्यांचे लगाम, पहाटे उठून गाडी जुंपायची, उतारूंशी नीट बोलायचं. १८६० मध्ये झटके येऊन तो वारला, तोवर बराच काळ तो कमावून खात होता. गेजच्या कागदपत्रांचा नव्याने शोध घेतलेल्या अभ्यासकांचं मत असं, की रोजच्या ठरलेल्या, शिस्तीच्या कामाने त्याला पुष्कळसं सावरलं असावं. मेंदूचा समोरचा भाग फाटलेल्या माणसाला एवढं साधलं. तुझ्या बाबांच्या डोक्यातून पहार गेलेली नाही, आणि तुझ्याही नाही.

(इतर वाचकांसाठी इथे एक सूचना, कारण अशी पत्रं मला दुसऱ्या बाजूनेही येतात. शांत स्वभावाचा माणूस चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बेछूट वागायला लागला, डोक्याला मार लागल्यावर स्वभाव पालटला, जोडीने विसरभोळेपणा, झटके किंवा बोलण्यात अडखळणं आलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. तिथे खरोखर मेंदूचा आजार असू शकतो. थायरॉइडच्या बिघाडानेही माणूस चिडचिडा होतो, आणि तो साध्या रक्ततपासणीत कळतो.)

आता रक्ताकडे येऊ. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचे आकडे येतात, ते तू वाचलेस. २०१५ मध्ये पन्नास वर्षांतल्या अशा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात सगळ्या गुणवैशिष्ट्यांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के निघाली. तू पत्रात लिहितेस, ‘म्हणजे माझा निम्मा राग बाबांचा.’ तसं नाही. तो आकडा एका माणसाच्या आत किती वाटा कुणाचा, हे सांगत नाही. विशिष्ट परिस्थितीतल्या विशिष्ट समूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. परिस्थिती पालटली की आकडाही पालटतो.

उंचीचं बघ. खाऊनपिऊन सुखी समाजात उंचीतल्या फरकांची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या घरात जाते, रागापेक्षा कितीतरी जास्त. तरीही दक्षिण कोरियात १८९६ च्या आसपास जन्मलेल्या आणि १९९६ च्या आसपास जन्मलेल्या बायकांची तुलना केली, तर शंभर वर्षांत सरासरी उंची सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्या काळात जनुकं बदलत नसतात. बदलले ते ताट, पाणी, औषधपाणी.

याहून थेट उदाहरण फिनाइलकिटोन्युरियाचं. हा आजार पूर्णपणे जनुकीय. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं, तर प्रथिनांतला फिनाइलअॅलनिन नावाचा घटक शरीराला पचवता येत नाही, तो रक्तात साठत जातो आणि वाढत्या मेंदूचं कायमचं नुकसान करतो. १९३४ मध्ये नॉर्वेच्या डॉ. फोलिंगनी तो ओळखला. पुढे कळलं की जन्मल्याबरोबर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन निदान केलं आणि तो घटक अगदी मोजूनमापून मिळेल असा आहार पहिल्या काही दिवसांतच सुरू केला, तर ते मूल इतर मुलांसारखं शिकतं, वाढतं. जनुक आहे तेच राहतं. तुमच्या पुस्तकात याला दोन-चार ओळीच दिलेल्या असतात याचं मला वाईट वाटतं, कारण ‘जन्मजात’ या शब्दाची सगळी दहशत घालवायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

आणि तुझी आत्या? ती त्याच आजोबांची मुलगी. रक्त तेच. तिचं रक्त गरम का झालं नाही, हा प्रश्न तुमच्या घरात कुणी विचारलाय का? माझा अंदाज सांगते. त्या घरात आरडाओरडा करण्याची मुभा पुरुषांना होती, मुलींना नव्हती. आजोबांनी ताट भिरकावलं की पाच मिनिटांत दुसरं वाढलेलं ताट समोर येत असेल, आणि तुझे बाबा सात-आठ वर्षांचे असताना कोपऱ्यात बसून ते बघत असतील. बाबांना आजोबांकडून जनुकं मिळाली तशी ती दृश्यंही मिळाली. तुझ्यातही दोन्ही आली आहेत. तडकन भडकणारी प्रकृती तुला बाबांकडून आली असेल, ते मी नाकारत नाही. पण भडकल्यावर हातात येईल ते फेकायचं, हे जनुकात लिहिलेलं नसतं. ते घरात बघून शिकलेलं आहे, आणि शिकलेल्या जागी दुसरं काही शिकता येतं.

एमआरआय आणि डीएनए चाचणी, दोन्हींवर पैसे घालवू नकोस. गाठ, रक्तस्राव, जुनी इजा एमआरआयमध्ये दिसते. ‘ही मुलगी रागीट होणार’ असं त्यात दिसत नाही, आणि तुझ्या पत्रात तो काढावा असं एकही लक्षण नाही. स्वभावामागे हजारो जनुकं असतात, प्रत्येकाचा परिणाम इवलासा. जाहिरातीतला तो रंगीत अहवाल तुला तुझ्याबद्दल कामाचं काही सांगणार नाही. गाइडमधला मेंदूतल्या रसायनांचा ‘सेरोटोनिन म्हणजे मूड, डोपामाइन म्हणजे आनंद’ हा तक्ताही परीक्षेपुरताच वापर. तेच डोपामाइन मेंदूच्या दुसऱ्या भागात कमी झालं तर कंपवात होतो, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असतं.

आता त्या रात्रीकडे बघ. तूच लिहिलंयस की परीक्षेमुळे दोन रात्री नीट झोप नव्हती, संध्याकाळपासून पोटात चहाच होता. अमेरिकेत २००७ मध्ये एका प्रयोगात तरुण मुलामुलींना सुमारे ३५ तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली. नीट झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया साधारण ६० टक्के जास्त होती, आणि तिला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी तिचा दुवा सैल झाला होता. शिवाय तो पुढचा भाग पुरता पिकायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं, आणि तू १९ वर्षांची आहेस. हे मी तुला सूट म्हणून सांगत नाही. भावाच्या कपाळावरची खूण तुझ्या हातून झाली आहे. सांगते ते यासाठी, की जे शास्त्र तुला शिक्षेसारखं वाटलं, तेच नेमकं कुठे हात घालायचा ते दाखवतं. परीक्षेच्या काळात सहा-सात तास झोप आणि वेळेवर जेवण, हा रागावरचा पहिला इलाज समज.

दुसरा इलाज शरीराची वर्दी ओळखण्याचा. हात उचलण्याआधी काही क्षण तुला काय होतं? कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाची नजर एकाच गोष्टीवर खिळते. तुझी खूण शोध आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. ती जाणवली की हातातली वस्तू खाली ठेवायची, ‘मी थोड्या वेळाने बोलते’ एवढंच म्हणायचं आणि ओट्यावर, गच्चीवर, जागा असेल तिथे जायचं. घरच्यांना हे शांत असताना आधीच सांगून ठेव, नाहीतर ‘तोंड फिरवून गेली’ म्हणून दुसरं भांडण उभं राहील. बाहेर जाऊन श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू दे. त्याने शरीराला शांत करणारी परानुकंपी यंत्रणा कामाला लागते आणि ठोके उतरतात. उशी बडवणं, ओरडून मोकळं होणं असले सल्ले मिळतील, ते ऐकू नकोस. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात राग कमी होतो तो शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी नव्हे, असंच दिसलं.

पहिल्या आठवड्यात जमणार नाही. मेंदू सरावाने बदलतो, पण सराव लागतो. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला हजारो रस्ते पाठ करावे लागतात. तीन-चार वर्षं खपून परीक्षा पास झालेल्या उमेदवारांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मरणाशी निगडित भागाचा, मागचा हिस्सा वाढलेला आढळला, नापास झालेल्यांत नाही. २०११ मधला हा अभ्यास आहे, आणि ती मोठी माणसं होती, लहान मुलं नव्हेत.

भावाशी बोलताना रक्त, झोप, परीक्षा यातलं काहीही मध्ये आणू नकोस. ‘मी पेटी फेकली, ते चूक होतं, मी पुन्हा फेकणार नाही, आणि चिडले तर खोलीबाहेर जाईन,’ एवढं पुरे. तो लहान आहे, आणि त्या कोपऱ्यात आता तो बसलेला आहे.

आईशी बोलणं त्याहून तातडीचं आहे. ‘बाबांचा मेंदूच तसा’ हे तू तिला प्रेमाने सांगितलंस, पण तिने त्याचा अर्थ ‘सोसत राहा’ असाच घेतला असणार. तिच्याजवळ बसून ते वाक्य मागे घे. तिला सांग, बाबांना राग येतो ते कळतं, पण मारणं हे त्यांचं करणं आहे, ते थांबायला हवं. तिला पोलिसात जायचं की नाही, माहेरी जायचं की नाही, हे ती ठरवेल, तू तिच्यावर लादू नकोस. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, एवढं तिला ठाऊक असू दे. राग पेटलेला असताना तू मध्ये पडून बाबांना शास्त्र समजावू नकोस. भावाला घेऊन शेजारी जा आणि मोठ्या माणसाला बोलाव. दारात कुणी आलं की हात खाली येतो, हे तुला माहीत आहे.

बाबा बदलतील का? बदलता येतं, पण त्यांना हवं असेल तर. मानसोपचाराचं नाव काढलं तर ते भडकतील, तेव्हा बीपी-शुगर तपासायच्या निमित्ताने त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि डॉक्टरांना आधी कल्पना द्या. बोलायचं ते ज्याचं ते ऐकतात त्या माणसाने. ते तू करायचं नाहीस, आणि त्यांना सुधारणं ही तुझी परीक्षा नाही. तुला स्वतःला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

लग्नाचं म्हणशील, तर तुला करायचं नसेल तर करू नकोस, ते कारण पुरेसं आहे. पण ‘माझं रक्त वाईट’ म्हणून नको, कारण ते खरं नाही. उद्या स्थळ बघायची वेळ आली तर पत्रिकेआधी विचारायचा प्रश्न हा: तुमच्या घरात कुणी चिडलं की काय होतं? मुलगा काय उत्तर देतो आणि ते देताना त्याची आई कुठे बघते, दोन्ही बघ. ज्यांच्या घरात निदान झालेला मानसिक आजार आहे, तेही मला हाच प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी: स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो, आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला धोका दहा टक्क्यांच्या आसपास जातो. धोका वाढतो हे खरं, पण दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. लपवून लग्न लावू नका, आणि घाबरून मोडूही नका. मानसोपचारतज्ज्ञाला दोघांनी मिळून भेटा.

राहिला शेवटचा प्रश्न. विषय सोडू नकोस. तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्रच घे. पुढे समुपदेशन करायचं असेल तर एम.ए. लागेल. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम करावा लागतो. मान्यतेची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते, ती बघितल्याशिवाय कुठेही फी भरू नकोस.